दोन रिंगा आणि उत्तमचा डबा

८ जानेवारी १९९६

उत्तमने कंप्युटर आणला. मानपाड्याच्या त्याच्या कंपनीत नवे आले, जुना ह्याने उचलला. दीर आहे म्हणून गप्प बसले. ठेवायला जागा कुठली — तर फोनच्या शेजारची! माझी सुक्या बोंबलांची टोपली पडवीत गेली. मांजराची मजा.

९ जानेवारी

फोनची वायर आता त्या डब्यातून जाते. लोक म्हणे आपापल्या कंप्युटरवरून आमच्या नंबरला फोन लावणार, डबा उचलणार, आणि डब्यात लिहिलेलं ते घरबसल्या वाचणार. त्याला बोर्ड म्हणतात. देवळाबाहेर फळा असतो तसा. काय लिहिलंयस, विचारलं. विनोद, डोंबिवलीतल्या भाड्याच्या खोल्या, आणि भरती-ओहोटीच्या वेळा. भरती फोन करून विचारणारा खाडीत काय उतरणार.

१२ जानेवारी

उत्तम सकाळी सांगत होता, "वहिनी, काल आपल्याकडे पुण्याहून एक जण आलेला."

मी दिवसभर घरी होते. कोणी आलं नाही. चहासुद्धा झाला नाही.

१५ जानेवारी

डबा पहिल्याच रिंगला फोन उचलतो आणि शिट्टी मारतो. गल्लीतल्या चार घरांनी आमचाच नंबर नातेवाइकांना दिलाय. फोन आला की आम्ही हाक मारायची. रंगूबाईच्या भावाने तीनदा लावला, तीनदा शिट्टी. ती दारात येऊन म्हणते, "काय गं, तुमच्याकडे फोन कुकर उचलतो का?"

उत्तमला झापलं. लोकांची खोटी होते म्हटलं. लोकांचं नाव पुढे केलं, खरं इथे लिहिते. मला फोन पाहिजे रतनसाठी.

गेल्या होळीला रतनने माजिवड्याच्या मुलाशी लग्न केलं. आपल्यातला नाही. हे म्हणाले, पोरीचं नाव या घरात नको, फोन आला तर ठेवून द्यायचा. एकदा आलेला, तर ह्यांनीच आपटला. मग बाजारात माजिवड्याहून येणाऱ्या मीराबाईकडून रतनचा निरोप आला — दुपारी बूथवरून दोन रिंगा देईन आणि ठेवीन, म्हणजे मी बरी आहे समज. तू उचलू नकोस, बाबा तिथेच असतात.

असतातच. दुपारी फोनसमोर जाळं शिवत बसतात. दोन रिंगा होऊन थांबल्या की म्हणतात, राँग नंबर. मी म्हणते, असेल.

आता पोरीला सातवा लागलाय. आणि हा डबा दुसरी रिंग होऊ देत नाही.

१९ जानेवारी

दुपारी डबा एकदा शिट्टी मारून गप्प. रतन असेल. की पुण्याचा? शिट्टी ऐकायचे पैसे भरले असतील पोरीने.

२२ जानेवारी

काही नाही. मीराबाई भाचीच्या लग्नाला अलिबागला गेलीय. विचारू कोणाला?

२४ जानेवारी

उत्तमला म्हटलं, तीन रिंगा होऊ दे, मग उचल म्हणावं डब्याला. तीनच का, म्हणतो. म्हटलं, विळीवरून उठून हात धुवायला मला तेवढा वेळ लागतो. पुण्याची माणसं तेवढी थांबत नाहीत, म्हणाला.

तो कामावर गेला. मी डब्याची वायर ओढली.

२६ जानेवारी

वायर ओढल्यावर फोनच मेलेला! डब्यातूनच जाते ना ती. मला काय माहीत. उत्तमने आज बघितलं, परत जोडली.

म्हणजे रतनला आधी शिट्टी, मग तेही नाही. तिने काय समजायचं?

२८ जानेवारी

जेवताना हे उत्तमला म्हणाले, त्या डब्याला तीन रिंगा थांबायला सांग.

उत्तम म्हणाला, "दादा, तुम्हालाही तीनच?"

ह्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "दुपारचा राँग नंबर यायचा. बरेच दिवस आला नाय."

माझ्याकडे बघितलं नाही. मी भात वाढला. मग परत वाढला.

३० जानेवारी

उत्तमने डबा तीन रिंगांवर लावला. दुपार गेली, फोन गप्प. ह्यांनी जाळ्याचं एकच भोक दोनदा शिवलं.

२ फेब्रुवारी

दुपारी रिंग वाजली. पहिलीलाच ह्यांनी उचलला.

"शिट्टी नाय. बापूस हाय. ठेवू नको."