एका दिवसाची पिवळी गाडी

बीजिंग, २८ सप्टेंबर १९९५

चि. श्याओमानला अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना का कोण जाणे, त्यानजिनच्या आपल्या शाळेचा मागचा नळ आठवला. शनिवारी दुपारी वर्गातल्या साठ-बासष्ट दौती धुवायचं काम आपल्या दोघींकडे असायचं. पाणी बर्फासारखं. तू दौत नुसती विसळून उपडी ठेवायचीस आणि निळी बोटं माझ्या ॲप्रनला पुसायचीस. मग सिस्टर क्लेमांस मलाच विचारायच्या, की पेइयुन, हा समुद्र कुठून आणलास? मी तुझं नाव घ्यायचे नाही. तसं विशेष काही घडलं होतं असं नाही. नुसता नळ आठवला.

लेकीच्या बाळंतपणाला हार्बिनला निघालात आणि वाटेत बीजिंगला एक दिवस मिळतोय, हे वाचून मी कॅलेंडर काढलं. आठ नोव्हेंबरला संध्याकाळी पोचणार, दहाला सकाळी पुढची गाडी. म्हणजे नऊ तारीख, गुरुवार, अख्खा दिवस. अडतीस वर्षांत आपण दोनदा भेटलो, एकदा बाबांना पोचवायला आणि एकदा आईला. या खेपेला कोणी मेलेलं नाही, तेव्हा दिवस नीट आखला पाहिजे.

तुझ्या मूसाहेबांनी उभ्या जन्मात महाभिंत पाहिली नाही, हे काही बरं नव्हे. मी दिवसभरासाठी गाडी सांगून ठेवली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या छू वहिनींचा भाचा दुंग पिवळी गाडी चालवतो, त्या पावाच्या आकाराच्या असतात ना, त्यातली. पहाटे साडेपाचला निघायचं. आठला महाभिंत, दोन बुरूज चढून उतरायचं. साडेदहाला मिंग राजांच्या समाध्या. गाडीतच जेवण, डबा मी देईन. एक ते साडेतीन राजवाडा, चारला स्वर्गमंदिर. प्रत्येक ठिकाणी स्वच्छतागृह कुठे आहे तेही मी कागदावर लिहून देणार आहे.

मी अर्थातच येऊ शकणार नाही. माझ्या लाओ थानच्या अर्धांगवायूला मार्चमध्ये तीन वर्षं झाली. त्याला तासभरसुद्धा एकटं ठेवता येत नाही. पण रात्री जेवायला आपण सगळे आहोतच.

मूसाहेबांना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी ताई,
पेइयुन


लानजोउ, १० ऑक्टोबर १९९५

ती. पेइयुनताईस सा. न. वि. वि.

तुझं वेळापत्रक पोचलं. मू म्हणाले, की बाई निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी चौथीची सहल अजून चालूच आहे. रांगेत दोघादोघांनी हात धरून चालायचं की सुटं चाललं तर चालेल, एवढं कळव. आणि शिट्टी कोण वाजवणार?

ताई, एक गोष्ट मला पटली नाही. मी साठीची झाले, तू चौसष्टची. मी एवढ्या लांबून येणार आणि दिवसभर दगड बघणार, आणि तू घरात? त्यापेक्षा भावोजींनाच बरोबर घेऊ या. गाडी आहेच. जिने उतरवायला मू त्यांना पाठीवर घेतील, रिफायनरीत सिलिंडर वाहून त्यांची पाठ अजून दणकट आहे. भावोजींनी तीस वर्षं त्या राजवाड्याच्या छपरांवर काढली. कौलांतलं गवत उपटायला ते वर चढायचे आणि खाली पर्यटक आपले फोटो काढायचे, हे तूच लिहायचीस. त्यांना ती छपरं परत दिसली तर किती बरं वाटेल! मला तर वाटतं, डॉक्टरांच्या औषधाने होणार नाही ते त्याने होईल.

लेकीचे पाय सुजले आहेत म्हणे. काळजी वाटते, पण मी इथून काय करणार.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
श्याओमान


बीजिंग, १७ ऑक्टोबर १९९५

चि. श्याओमानला अ. आ.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. आज उत्तर लिहिते आहे.

नाही. लाओ थानला न्यायचं नाही. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. त्यातून तुम्ही याल तेव्हाच हिवाळ्याची कोबी येते. एकदा का प्रत्येक घराची दोन-तीनशे शेर कोबी जिन्यावर रचली, की सडपातळ माणसालाही अंग चोरून जावं लागतं. राजवाड्याचे उंबरे गुडघ्याएवढे उंच, तिथे चाकाची खुर्ची जात नाही. आणि दर दोन तासांनी त्याच्या कपड्यांची बदलाबदल करावी लागते. ती कुठे करायची, सम्राटाच्या सिंहासनामागे?

ही झाली सांगायची कारणं. खरं कारण आता लिहिते, आणि लिहून झाल्यावर पत्र परत वाचणार नाही.

तो एक दिवस मला त्याच्याशिवाय हवा होता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं, की मी गाडीत बसेन. बाहेर बघत. कोणी हाक मारणार नाही. मग लक्षात आलं, की त्याच्याजवळ बसायला कोणी नाही. मुलगा शेन्झेनला आहे, त्याला मी सगळं ठीक आहे असंच कळवते. शेजाऱ्यांना तर मी दारातूनच परत पाठवते. घराला वास येतो, श्याओमान. तो माझ्यावर भांडी फेकतो. कोणी ते बघावं असं मला वाटत नाही. म्हणून मी तुमच्यासाठी सहल आखत बसले. रोज रात्री थोडी थोडी आखायची, कुठे किती मिनिटं. त्यात बरं वाटायचं.

सगळे म्हणतात पेइयुन किती करते. मला ते ऐकायचा कंटाळा आला आहे. तो वाईट माणूस नव्हता, आताही नाही. पण मी थकले. शाळेत असते तर हे सगळं सिस्टरना सांगून मोकळी झाले असते. आता तुला सांगितलं.

तुम्ही दोघं जा. डबा मी देतेच आहे.

पेइयुन


लानजोउ, २५ ऑक्टोबर १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी मूर्ख आहे. औषधाबद्दल जे लिहिलं ते विसरून जा.

पत्र मी मूंना वाचून दाखवलं. विचारायला हवं होतं तुला, पण दाखवलं. ते कलिंगडाच्या बिया सोलत राहिले. मग म्हणाले, की मला कुठे भिंती बघायच्या आहेत, इथे घरात चार आहेत. स्वतःच्या वडिलांचं त्यांनी सहा वर्षं सगळं काढलं, पुसणं, भरवणं, शिव्या खाणं. गुरुवारी ते भावोजींजवळ बसतील. आपण दोघी जाऊ. भांडं फेकलं तर झेलीन, नाहीतर परत फेकीन, असं तुला कळवायला सांगितलं आहे.

आता नाही म्हणू नकोस. नाही म्हणालीस तर मी स्टेशनवरच बसून राहीन आणि शुक्रवारी पुढे जाईन. भावोजींचं काय काय, कधी, कसं, ते लिहून पाठव.

तुझीच,
श्याओमान


बीजिंग, १ नोव्हेंबर १९९५

चि. श्याओमानला आणि मूसाहेबांना अ. आ.

बरं.

सकाळी सातला पेज, पातळ, चमचा डाव्या बाजूने. उजवीकडून दिला तर बाहेर येतं. नऊला आणि नंतर दर दोन तासांनी कूस बदलायची. खराब झालेले कपडे पलंगाखालच्या टोपलीत. बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, तेव्हा त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नये. दुपारी तो खिडकीकडे हात करतो. पडदा उघडा म्हणत नाही, खुर्ची खिडकीशी न्या म्हणतो. हे मला कळायला आठ महिने लागले. दारावर कोणी आलं तर आत घ्यायचं नाही.

वेळापत्रकातून समाध्या आणि स्वर्गमंदिर काढलं आहे. महाभिंत आणि राजवाडा, एवढंच. दोन बुरुजांऐवजी एकच. मी नवे बूट काढून ठेवले, मग परत ठेवून दिले, मग परत काढले.

स्टेशनवर मी येऊ शकणार नाही. दुंग येईल. भेट होईपर्यंत जपून.

पेइयुन


हार्बिन, १६ नोव्हेंबर १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा पहाटे नात झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक आपल्या आईचं आहे.

शुक्रवारी तू निरोप देताना माझ्याशी जेमतेम दोन शब्द बोललीस. हार्बिनपर्यंत तेच मनात होतं. म्हणून सगळं लिहिते, मग हवं तर रागव.

तू वेळापत्रक समोरच्या सीटच्या पाठीला टाचणीने लावलंस, दुंगला रस्ता चुकल्याचं एकदा सांगितलंस आणि शहर मागे पडायच्या आत झोपलीस. मान माझ्या खांद्यावर. पावणेनऊला गाडी भिंतीच्या पायथ्याशी लागली. मी तुला हाक मारली, खरंच मारली, एकदा. मग तुझे हात दिसले. साबणाने फाटलेले, आणि मनगटावर ती जखम, जी भांड्याची नाही असं तू आदल्या रात्री म्हणाली होतीस. दुंगने खूण केली, की राहू द्या, भिंत आत्तापर्यंत कुठे गेली नाही, आजही जायची नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि तुला थंडी वाजू नये म्हणून स्वतःचा कोट खिडकीच्या फटीला लावला. बिया खात तो बाहेर उभा राहिला, थंडीत.

तू अडीचपर्यंत झोपलीस. मी काचेतून भिंत पाहिली. डोंगरावर चढते, उतरते, परत चढते. कंटाळा आला की तुझ्याकडे बघायची. तू झोपेत एकदा म्हणालीस, की डाव्या बाजूने.

उठल्यावर तू रडलीस, दुंगला बोललीस, मला म्हणालीस, की माझा एकच दिवस होता आणि तो तू मला झोपवून घालवलास. त्या ढाब्यावर नूडल्स खाताना मान वर केली नाहीस. राजवाड्याची दारं बंद झाली होती, छपरंही दिसली नाहीत. तुझ्या जागी मीही रडले असते. पण ताई, परत तशीच वेळ आली तर मी परत उठवणार नाही.

आणि घरी आल्यावर दार सताड उघडं. त्याचंही सांगते. दहाला कोबीचा ट्रक आला. मूंना वाटलं, बाकीचे आणतात तर आपणही आणू या. तुझी तीनशे शेर कोबी त्यांनी पाठीवरून वर आणली, तीही एकट्याने नाही, छू वहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ मदतीला आले. दार बंद करायला कोणाचा हात मोकळा नव्हता. आत घ्यायचं नाही हे मू साफ विसरले. भावोजी आतून नुसतंच ओरडायला लागले, म्हणून त्यांची खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आणली. ते ओरडत होते कारण कोबी चुकीची रचली जात होती. डाव्या हाताने त्यांनी सगळी खाली पाडली आणि स्वतः रचली. कौलं लावतात तशी, एकाच्या कडेवर दुसरी. दोन भाऊ खालून देत होते, ते रचत होते. एक गड्डा नीट बसला नाही म्हणून त्यांनी तो धाकट्याला फेकून मारला. सगळे हसले. तेही हसले असं मू सांगतात.

मूंनी महाभिंतीऐवजी कोबीची भिंत पाहिली. इथे सगळ्यांना तेच सांगतात.

रागावली असलीस तरी पत्र लिही. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
श्याओमान


बीजिंग, १ डिसेंबर १९९५

चि. श्याओमानला अ. उ. आ. नातीला खूप खूप.

मी रागावले नव्हते. म्हणजे गाडीत रागावले होते. घरी आल्यावर नाही. तेव्हा लाज वाटत होती. तीन वर्षं मी ज्या दारात उभी राहून सगळ्यांना परत पाठवलं, ते दार उघडं, आणि छू वहिनी माझ्या पलंगाखालची ती टोपली घेऊन नळाकडे चाललेल्या. मला वाटलं, आता खाली उतरायची सोय राहिली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दार वाजवलं. म्हणाल्या, की गुरुवारी दुपारी मी येऊन बसते, माझं विणकाम इथे काय न् तिथे काय. मी म्हटलं गरज नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, की पेइयुन, आम्हाला तीन वर्षं सगळं ऐकू येतंच आहे, भांडीसुद्धा. तू एकटीच समजत होतीस की भिंती जाड आहेत. मग मी बाजूला झाले आणि त्या आत आल्या.

पहिल्या गुरुवारी कुठे जायचं हे मला कळेना. बसने राजवाड्यापर्यंत जाऊन यावं असं वेळापत्रकही केलं. पण जिना उतरता उतरता पाय दुखायला लागले. तेव्हा छू वहिनींनी वरून त्यांच्या घराची किल्ली टाकली. मी तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या पलंगावर झोपले. काल दुसरा गुरुवार, कालही तेच. महाभिंत काही या जन्मी होईलसं दिसत नाही आणि खरं सांगू, मला तिचं आता विशेष काही वाटत नाही.

थकवा गेलेला नाही. तो एवढ्याने जायचा नाही. लाओ थान भांडी अजून फेकतो. पण सकाळी खुर्ची जिन्याशी नेते, आणि तो कोबी उलटीपालटी करतो, सडका पाला काढतो. खालच्या मजल्यांचे लोक त्याला आपली कोबी दाखवायला आणतात आणि तो नापसंतीने मान हलवतो. मुलालाही मी खरं ते लिहिलं. वसंतोत्सवाला येतो म्हणाला आहे. बघू.

लोभ आहेच, तो पुढच्या भेटीपर्यंत पुरव.

तुझी ताई,
पेइयुन

ता. क. सोबतच्या पार्सलमधलं कापूस भरलेलं लाल अंगडं नातीला. माझ्या लग्नातल्या जाकिटाचं केलं आहे, आतली शिवण टोचत नाही हे पाहिलं आहे. लोकरी मोजे मूसाहेबांना. साखरेतली फळं लेकीला, पण पाय उतरल्यावर.

तू लानजोउला परतलीस की तिथून काय पाठवू म्हणून विचारलं होतंस, तर ऐक. सुकवलेले लिलीचे कंद छू वहिनींना, त्यांना खोकला आहे. काळ्या बिया दुंगला, मोठी पिशवी, आणि मी त्याला जे बोलले त्याबद्दल माझ्याकडून म्हणून दे. अक्रोड दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांना, धाकट्याला थोडे जास्त, गड्डा त्याला लागला होता. शिवाय एक पिसांची मऊ उशी पाठव. छू वहिनींची उशी धान्याच्या कोंड्याची आहे आणि माझा कान दुखतो. पण तीही त्यांच्याच नावाने पाठव, माझं काही सांगू नकोस.