आईच्या वतीने भरलेला फॉर्म

अण्णा,

आईचा फॉर्म भरायला बसले आणि तुमच्याशी भांडावंसं वाटलं, म्हणून लिहितेय. आईला आता माणसं आठवत नाहीत. मी कुठली, ते ती मला रोज विचारते, "तू खंयची गो?" मी म्हणते, "हयचीच." तेवढ्याने तिचं समाधान होतं, माझं होत नाही. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढतच जाणार, पुढेमागे तिला गिळताही येणार नाही, तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. ठरवा म्हणे! आज मासळीत बांगडे घ्यायचे की पेडवे, एवढंसुद्धा या घरात तिच्याशिवाय कधी ठरलं नाही.

पुण्याची तुमची नात नर्स झालीय. तिने मोबाइलवर एक लिंक पाठवली. अशा आजारी माणसांसाठीच केलेली वेबसाइट आहे. एकेक प्रश्न मराठीत येतो, सोबत चित्र असतं, माणसाने आपली इच्छा सांगायची आणि आपण ती नोंदवायची. शेवटी कागद तयार होतो, तो डॉक्टरांना दाखवायचा. मी चष्मा लावला, आईला ओटीवर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लागले, "आजार वाढल्यावर तुम्हाला घरीच राहायला आवडेल का?" आई ताठ बसली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. तुमचं गाऱ्हाणं, अण्णा. वाडीत कुणाचं घर बांधून होवो, कुणाची होडी पाण्यात उतरो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला तुम्हालाच बोलावणं. तुम्ही एकेक मागणं सूर लावून म्हणायचात आणि मागून आम्ही सगळे, व्हय म्हाराजा. नवरा विसरली, लेक विसरली, तेवढं एक राहिलंय. आणि मी मोठी शहाणी, पुढचे प्रश्न तशाच सुरात वाचत गेले. इस्पितळात न्यावं का? व्हय म्हाराजा. नाकातून नळी घालून अन्न द्यावं का? व्हय म्हाराजा. सगळीकडे 'हो' दाबलं. चला, सुटलो, म्हणून बरंही वाटलं. नातीने व्हिडिओ कॉलवर ते ऐकलं आणि मला चांगलंच झापलं. म्हणाली, "आत्या, आता उलटं विचारून बघ, नळी नको ना?" विचारलं. व्हय म्हाराजा.

सगळं पुसून टाकायला लावलं तिने. वाचून दाखवू नकोस, म्हणाली, सकाळी चहा झाल्यावर तिचे हात कामात असताना एकच गोष्ट विचार. आणि आजी पूर्वी कधी काही बोलली होती का, ते आठव. ते तर मला आठवायचंच नव्हतं.

तुमचं गिळणं बंद झालं तेव्हा आम्ही तुम्हाला गोव्याला मोठ्या इस्पितळात नेलं. नळी घातली की तुम्ही ती उपटायचात, म्हणून त्यांनी तुमचे हात खाटेला बांधले. आई स्टुलावर बसून त्या बांधलेल्या मनगटांवरून हात फिरवत राहायची. एकदा मला म्हणाली, "घरा नेवया गो ह्यांका. दोन चमचे पेज पाजतंय मी." मी तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्यानंतर तुम्ही गेलात तोपर्यंत तिने मला काहीही सांगितलं नाही.

काल सकाळी तिच्यापुढे कोकमासाठी रातांब्यांची टोपली ठेवली. ती फळं फोडतेय, सालं सुपात, बिया भांड्यात, एकही चूक नाही. मी मोबाइल घरातच ठेवलाय. माझेही हात लाल झालेत. मी हळूच म्हणते, "आये, तुका गिळाक येयनासा झाला तर काय करूया गो?" ती वर बघत नाही. आणखी दोन-तीन रातांबे फोडते. मग म्हणते, "ह्यांचे हात बांधलेले गो. माझे बांधू नको. पेज दी. नाय गेली तर नाय." आणि थोड्या वेळाने मलाच विचारते, "तू खंयची गो?"

संध्याकाळी फॉर्ममध्ये 'त्यांच्याच शब्दांत' असा चौकोन होता, तिथे तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. नळीपुढे 'नको' दाबलं. खाली आणखी एक प्रश्न होता, असं त्यांना का वाटतं, माहीत असल्यास लिहा. मी लिहिलं, 'एका नातेवाइकाच्या आजारपणात त्यांनी हाल पाहिले.' एक नातेवाईक. तुम्ही, अण्णा. तेवढा शब्द लिहायला बोट उचललं नाही. फॉर्म मात्र पाठवला. हे पत्र कुठे पाठवणार, आईच्या लुगड्यांच्या घडीत ठेवून देईन.

भांडण तुमच्याशी नव्हतंच. नळीच्या कागदावर सही मी केली. सहीआधी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, यांची स्वतःची काही इच्छा? मी म्हटलं, काही बोलत नाहीत ते. तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघत मान हलवत होता, नको, नको. मी पाहिलं होतं.