दगडी पोऱ्याची वाटणी

मी, काट्टालिन ओयार्साबाल, कै. बेत्तिरी ओयार्साबाल यांची थोरली मुलगी, वय एक्याऐंशी, अविवाहित, धंदा मेंढपाळी, राहणार विनेमक्का, नेवाडा, डोकं ठिकाणावर असताना (गुडघ्यांबद्दल काही बोलत नाही) हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकून पाहणारे बहुतेक थकून गेले.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा मी माझा धाकटा भाऊ गानिश याच्यावर फार चिडले होते.

कलम १. गावातलं घर, आतल्या सामानासह, गानिशची मुलगी अमाया हिला द्यावं. ती रीनोच्या विद्यापीठात जुन्या हाडांचा अभ्यास करते आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. त्यातल्या एका खोलीत हाडंच आहेत.

कलम २. उरलेली मेंढरं विकून माझ्या क्रियाकर्माचा खर्च भागवावा. काळा कुत्रा बेल्च विकू नये. तो गानिशला द्यावा. हे कुत्र्याने केव्हाच ठरवून टाकलंय, मी नुसतं कागदावर आणते.

कलम ३. पाव भाजायचं माझं बिडाचं भांडं खाणावळवाल्या ग्राशी इरिबार्न हिला द्यावं. माझा पाव आतून कच्चा राहतो असं ती चारचौघांत सांगत फिरते. आता तिनेच त्यात भाजून बघावा, म्हणजे दोष भांड्याचा होता की माझा ते एकदाचं कळेल.

कलम ४. डोंगर, आणि डोंगरातला प्राणी. ओढ्याच्या वरची जमीन वडिलांनी रेल्वे कंपनीकडून विकत घेतली, कागद माझ्या नावावर आहेत. शेजारची जमीन सरकारी आहे, तिथलं हाड उचलणं गुन्हा. माझ्या हद्दीतलं हाड मात्र माझं. आणि माझ्या हद्दीत एक समुद्रातला सरडा दगड होऊन पडला आहे. त्याची नुसती कवटीच माझ्याहून लांब आहे. डोंगरासकट तो मी अमायाच्या विद्यापीठाला देते.

वकीलसाहेब म्हणतात, इथे थांबा. मी थांबणार नाही. या रखरखाटात समुद्र होता हे मला अमायाने सांगितलं. त्याआधी म्हणे पृथ्वीवर असं काही मरण फिरलं की समुद्र जवळजवळ रिकामा झाला. मग जमिनीवरचे काही सरडे पाण्यात शिरले, आणि बघता बघता, म्हणजे अमायाच्या हिशेबाने तीसेक लाख वर्षांत, त्यांच्यातून एवढं धूड झालं. देवमाशांना एवढं व्हायला याच्या कितीतरी पट वेळ लागला.

मी जन्मभर कोकरं वाढवली. चारा असेल तर कोकरू वाढतं, नाहीतर नाही. रिकाम्या झालेल्या समुद्रात याला चारा कोणी घातला? आणि हा भराभर वाढला, की नुसताच खूप वर्षं जगला? अमायाला विचारलं तर म्हणाली, "आत्या, पाठीचा मणका कापला की आत वाढीची वलयं दिसतात, झाडाच्या खोडासारखी. त्यावरून कळेल. पण कवटी आहे, फासळ्या आहेत, शेपूट आहे, मधले मणकेच गायब. कुणीतरी उचलून नेलेत."

कुणी नेले ते मला तिथल्या तिथे कळलं. तिलाही कळलं. आम्ही दोघी माथ्याकडे बघत उभ्या राहिलो.

कलम ५. दगडी पोऱ्या. आमच्या जुन्या मुलखाकडून इथे आलेले मेंढपाळ माथ्यावर दगडावर दगड रचून माणसाएवढा खांब उभा करतात, त्याला दगडी पोऱ्या म्हणतात. वाट चुकू नये म्हणून करतात, आणि महिनोन्महिने बोलायला कोणी नसतं म्हणूनही. वडील या देशात आले तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. उतारावर त्यांना ताटलीसारखे गोल, चपटे, जड दगड सापडले. रचायला याहून बरे दगड कुठे मिळणार? त्यांनी पोऱ्या उभा केला आणि पुढे कैक उन्हाळे त्याच्याशी बोलत राहिले.

मी गानिशला म्हटलं, पोऱ्या उतरवू या.

"ताई, तो बाबांचा पहिला मुलगा. तू न् मी नंतरचे. त्याचा एक दगड हलवलास तर मला भाऊ म्हणू नकोस."

"अरे, तो मणका आहे."

"असेल. बाबांचा हात लागला, बाबांचा झाला."

"आणि त्याआधी ज्याच्या पाठीत होता त्याचं काय?"

"त्याची अजून तक्रार आलेली नाही."

तेव्हापासून रविवारी ग्राशीच्या खाणावळीत लांब टेबलाच्या त्या टोकाला तो बसतो, या टोकाला मी. सूपचं भांडं आमच्यामध्ये फिरतं, बोलणं फिरत नाही. अमाया बापाला पोऱ्याबद्दल काही विचारायला गेली की तो मेंढरांची चौकशी करतो.

जमीन माझी, दगड माझे. कायद्याने मी उद्या सकाळी पोऱ्या उतरवू शकते. ती वलयं बघायची मला इतकी ओढ आहे की झोप लागत नाही. पण भाऊ मला त्याहून जास्त हवा आहे. म्हणून दगडी पोऱ्या, त्याच्या पायाखालच्या जागेसह, मी गानिशला देते. अट कुठलीही नाही. त्याने तो तसाच उभा ठेवला तरी माझा त्याच्यावर राग राहणार नाही. थोडा राहील.

गानिशने हा वाटा घेतला नाही किंवा कायद्याने तो रद्द ठरला, तर पोऱ्या अमायाकडे जावा. तिने दगडांवर क्रमाने आकडे घालून ते उतरवावेत, हवा तो कापावा, आणि त्याच जागी साध्या दगडांचा दुसरा पोऱ्या रचावा.

सहीपूर्वीची नोंद. वकिलांनी दुसरा साक्षीदार म्हणून आपल्या कारकुनाला बसवलं होतं. सही करण्याआधी वाचून जा, असा निरोप मी गानिशला धाडला होता. तो आला. माझ्याकडे न बघता त्याने पाचवं कलम वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कारकुनाला म्हणाला, "ऊठ बाबा, तिथे मी बसतो."

वकील म्हणाले, "गानिश, साक्षीदार दोनच आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस की तुझा वाटा गेला. पोऱ्या गेला, कुत्राही गेला."

"कुत्र्याला कायदा कळत नाही," गानिश म्हणाला. "मला वाचता येतं. पेन द्या."

मी पेन त्याच्याकडे सरकवलं. बोलले असते तर रडले असते, आणि ते वकिलांसमोर नको होतं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे.

ठिकाण : विनेमक्का, नेवाडा
तारीख : १२ ऑक्टोबर २०१७

(सही) काट्टालिन ओयार्साबाल

साक्षीदार :
१. डेलबर्ट स्टिकल, नालबंद
२. गानिश ओयार्साबाल, मेंढपाळ. दगड कापायचा दिवस मला आधी कळवावा. मी येणार आहे, ताईलाही घेऊन येईन. तोवर तिने मरू नये.