न वाजलेलं टोळ

माय, तुझं मोहाचं झाड पाडलं. रस्ता रुंद करायचा होता, त्यात ते आलं. भावाने फोन केला तेव्हा झाडाखाली यंदाची टोळं, मोहाची ती तेलाची फळं, गळायला लागली होती. भद्रावतीहून मिळेल ती बस धरून मी गावी गेले आणि मशीन येण्याआधी पिशवीत, पदरात मावतील तेवढ्या बिया वेचून आणल्या. तुझा फोटो नाही, लुगडं नाही, तुझं म्हणावं असं माझ्याजवळ दुसरं काहीच उरलेलं नाही. या बियांची रोपं करायची आणि तेच झाड भावाच्या बांधावर पुन्हा उभं करायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग मी सगळं तू शिकवलंस तसंच केलं. वरचा गर काढून टोळं धुतली, ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर चादर अंथरून वाळवली. वाळवताना तूच दिसत होतीस. अंगणात सूप घेऊन बसली आहेस, एकेक टोळ कानाशी धरून हलवते आहेस. आतली डाळ सुकून सुटी झाली की टोळ खुळखुळतं. ‘वाजलं तर घाण्याले,’ तू म्हणतेस, ‘नाई वाजलं तर बाजूले ठेव.’ एकदा कंटाळून मी ओली टोळं तशीच वाळल्यांत ढकलली, तर घाण्यावर तू तेलाचा डबा हुंगून माझ्या नाकाशी धरलास. साऱ्या तेलाला वास मारतो, काऊन ऐकत नाईस, असं पुढे कितीतरी दिवस ऐकवत राहिलीस. तो धडा मी जन्मात विसरले नाही. विसरले असते तर फार बरं झालं असतं.

त्याच सुमारास जिवतीहून नणंद आली. मी मोह लावते आहे हे कळल्यावर तिनेही तिकडची मूठभर टोळं आणली, गर चिकटलेली, ओलीच. डोंगरावरची ती टोळं बारकी, गोल, दगडासारख्या सालीची. तू पाहिली असतीस तर म्हणाली असतीस, हे का टोळ हाय, सारं टरफलच. तुझी कशी लांबट, नखाने दाबलं तरी साल तडकणारी, डाळ चिमटीत धरली की बोटं तेलकट करणारी. तिला वाईट वाटू नये म्हणून तिची मी फुटक्या बादलीत खोचली, आणि तुझ्या टोळांसाठी चाळलेली माती, शेणखत, सावलीतल्या कुंड्या.

बादलीत कोंब आले. कुंड्यांत काही नाही. वाट पाहून पाहून शेवटी उकरलं, तर तुझी टोळं आत मऊ पडून कुजलेली. तेव्हा आपलं अंगण आठवलं. झाडाखालच्या चिखलात आपल्या हातून सुटलेली ओली टोळंच रुजायची आणि आपण त्यांना ओलांडून जायचो. मोह कोणी लावत नाही, तो आपला येतो, असं म्हणत आलेली माणसं आपण. आपल्याला तेल काढणं तेवढं ठाऊक. माय, तुझं झाड मशीनने पाडलं, पण त्याचं बी मी माझ्या हाताने वाळवून मारलं. पुन्हा गावी गेले तर तिथे नुसता मुरूम पसरलेला. हे म्हणतात, मोह तो मोह, जिवतीचा लाव. त्या कोंबांना मी पाणी घालते, पण त्यांच्याकडे बघवत नाही.

उरलेली टोळं घेऊन आता मी रोज बसते. एकेक कानाशी धरते, हलवते, आणि एखादं तरी वाजू नये म्हणून जीव मुठीत धरते. सगळी वाजतात, तुला आवडलं असतं इतकी छान वाजतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. आज एक वाजलं नाही. माझ्या डाव्या कानाला आताशा कमी ऐकू येतं, आणि टोळ त्याच कानाशी होतं. उजव्या कानाशी मी ते नेलं नाही. तसंच मातीत लावलं.