दुसऱ्यांदा टोचायची सुई

जठारपेठ, अकोला
बुधवार

आदरणीय गफ्फारभाई यांस देवमनचा जयभीम आणि सलाम.

आपली तब्येत, आयशाभाभींचे गुडघे आणि पातूरच्या घराची गळती यांची हालहवाल कळवावी. आमचं इकडे ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र पाहून दचकू नका. मला कमी ऐकू येतं म्हणून मी फोनचा स्पीकर लावतो, आणि स्पीकर लावला की आमच्या इंदूबाईसकट अर्धी गल्ली ऐकते.

पोटदुखीचं तुम्हाला ठाऊकच आहे. अमरावतीच्या डॉक्टरांना स्वादुपिंडात गाठ दिसली. (चौसष्ट वर्षं हा अवयव पोटात घेऊन हिंडलो, पण ओळख नव्हती.) लांब सुई घालून त्यांनी तुकडा काढला. शुक्रवारी मोबाइलवर रिपोर्ट आला, तो जावई अनुपने वाचला. अनुपची मोर्शीला संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. झाडाच्या रोगांत त्याचा शब्द अखेरचा, आणि घरात बी.एस्सी. तेवढाच. त्याने जाहीर केलं की कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, सापडल्या त्या शरीराला आधार देणाऱ्या साध्या पेशी. झालं! इंदूबाई आधी रडली, मग तिने रविवारी विहारात खीरदान ठेवलं. वीस लिटर दूध आटलं. मी पोट धरून दोन वाट्या खाल्ल्या. लोकांनी माझं असं अभिनंदन केलं, जणू त्या पेशी मीच नेमल्या होत्या.

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. नशिबाने इंदूबाई घरी नव्हती. ते म्हणाले, एवढ्यात खूश होऊ नका. या गाठीत म्हणे खरा चोर थोडा आणि भोवतीची गर्दीच जास्त. एरवी जखम भरून काढणाऱ्या त्या आधाराच्या पेशी तिथे जमतात, घट्ट तंतू विणतात आणि भिंत उभी करतात. पुष्कळदा सुईच्या हाती भिंतच लागते, औषधालाही आत शिरणं जड जातं. मी म्हटलं, मग आधी यांनाच हाकला. तर तेही जमत नाही. प्राण्यांवर करून पाहिलं तेव्हा रोग कधी कधी आणखी चवताळला, कारण त्यातल्या काही पेशी त्याला आवरूनही धरतात. तीस वर्षं तुम्ही अकोला-अमरावती गाडी हाकली आणि मी मागे तिकिटं फाडली. खिसेकापू कोण आणि म्हातारीला जागा देणारा कोण, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. इथे तर जागा देणाराच खिशात हात घालतो. रागवायचं कोणावर तेही नक्की नाही. गफ्फारभाई, मला फार भीती वाटते.

पुढच्या गुरुवारी अमरावतीला पुन्हा सुई आहे. घरी सांगितलंय की तिथल्या डेपोत निरोप समारंभ आहे. (कोणाचा, हे इंदूबाईने विचारलं नाही. वांग्याचा भाव तीनदा विचारणारी बाई ही. मला ते खटकतंय.)

आपला,
देवमन

ता.क. खरं काम हे की गुरुवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे यावं आणि मी निघालो की इंदूबाईला सगळं सांगावं. तुमचं ती ऐकते. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा चहा मागितला.

गफ्फारभाऊ, जयभीम. मी इंदूबाई लिवतो. यायनं पाकीट पेटीत टाकाले मलेच देलं, चिटकवलंबी नोयतं. डॉक्टरनं यायच्या आंधी मलेच फोन केला होता, दवाखान्याच्या फारमवर माह्या नंबर हाय. मले मालूम हाय हे यायले सांगू नोका, तेवढंच त्यायले बरं वाटते. तुमी गुरुवारी घरी येऊ नोका, सिद्दे अमरावतीच्या दवाखान्यात या. मी मांगच्या गाडीनं येतो. हे सुईसाठी अंदर गेले का बाहेर बाकावर मले एकटीले बसवत नाई.