मुराकांची जागा आणि माझी परीक्षा

८ जुलै, सोमवार

आधी एक दुरुस्ती. शनिवारी मी लिहिलं होतं की वाटाड्याच्या परीक्षेत गटाला कुरेसोची दलदल ‘जवळजवळ पूर्ण’ दाखवली. ते बरोबर नाही. आम्ही सगळा वेळ पाइनच्या जंगलातच होतो. दलदल झाडांमधून दिसली, लांबून. हवा चांगली होती, हे मात्र खरं.

कारण लिहून ठेवते. जंगल संपून दलदलीवरची फळ्यांची वाट सुरू होते, तिथेच वाकड्या पाइनमागे आमच्या घराची मुराकांची, म्हणजे दलदलीतल्या रानबेरींची, जागा आहे. सध्या मुराक पिकून सोनेरी झालेत. शाळेत जाईपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं, आणि अक्षरांच्याही आधीचा धडा हा होता: जागा सांगायची नाही, तिकडे बघायचंही नाही. मग तिथून परका गट कसा नेऊ? मी वळसा घातला. तालिनहून आलेल्या एका काकांनी विचारलं, हे पडलेलं झाड मघाशीच नव्हतं का पाहिलं? मी म्हटलं, पडलेली झाडं एकमेकांसारखी दिसतात. दिसतातच.

विर्वेबाई म्हणाल्या, पोरी, लोक दलदल बघायला आले होते. वाटाड्यांचं केंद्र विर्वेबाईंच्या हातात आहे, परीक्षाही त्याच घेतात. येत्या शनिवारी पुन्हा परीक्षा. नापास झाले तर नोकरी माझ्याबरोबर परीक्षा देणाऱ्या कौपोला, आणि मी राकव्हेरेला मावशीच्या बेकरीत. मला पिठाने शिंका येतात.

१० जुलै, बुधवार, सकाळी

उपाय सापडला. त्या जागी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचं. ‘दलदलीचा आवाज ऐका.’ गप्प राहायला सांगितलेलं आमच्या लोकांना आवडतंच. योजनेत एकही फट नाही.

संध्याकाळी

कौपोवर प्रयोग केला. त्याने गुणी मुलासारखे डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाला, काय गं, मुराक पिकले वाटतं? मी विचारलं, कुठले? म्हणाला, तू ज्यांच्यापुढे हात पसरून उभी आहेस ते. मी म्हटलं, कच्चे आहेत. (दोन-चार होते.) पण कौपो इथलाच, त्याची नजर तयार आहे. पाहुण्यांचं तसं नसतं. प्रयोग यशस्वी धरायला हरकत नाही.

१२ जुलै, शुक्रवार

आईला न विचारता करणं मनाला पटेना. ती बादल्या घासत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा, एखाद्या वाटाड्याला कुणाच्या तरी जागेजवळून जावं लागलं तर? आई म्हणाली, कुणाच्या? म्हटलं, कुणाच्याही. ती म्हणाली, त्या कुणाला तरी सांग, तोंड बंद ठेव आणि ती दुसरी बादली दे. नीट विचार केला तर ही परवानगीच आहे.

१३ जुलै, शनिवार, दुपारी

फळ्या सुरू झाल्या तिथे मी गटाला थांबवलं. सगळ्यांनी डोळे मिटले, विर्वेबाईंनीसुद्धा. इतकी सुंदर शांतता! ती संपवायची कधी, हे ठरवायचं मात्र राहून गेलं होतं. डास चावत होते, तरी कुणी हललं नाही.

मग पाइनमागून आईचा आवाज आला, विर्वे, आलीस का गं? तुझी बादली भरलीय, घेऊन जा!

सगळ्यांनी डोळे उघडले. आई मुराकांत गुडघ्यांवर बसली होती. तिने झटकन दोन्ही बादल्यांवर शेवाळ ओढलं. एका बाईंनी विचारलं, काय वेचताय हो? आई म्हणाली, शेवाळ. विर्वेबाई म्हणाल्या, शेवाळच आहे, चला पुढे. पण तोवर दोघेजण फळीवरून उतरून मुराक खात होते.

आमची जागा आमच्या एकट्यांची नाही, हे मला आज कळलं. आईला बहुधा आधीपासून माहीत असावं.

१४ जुलै, रविवार

नापास.

विर्वेबाई म्हणाल्या, अगं, आम्ही सगळे तिथून रोज लोक नेतो. बर्फयुगाबद्दल बडबडत झपाझप पुढे जातो, कुणी मान वळवत नाही. सगळ्या जिल्ह्यात ऐन हंगामात तिथे लोकांना उभं करणारी तू पहिलीच. कौपोने म्हणे बर्फयुग फार छान सांगितलं.

आई माझ्याशी बोलत नाही. फक्त म्हणाली, मावशीला फोन केलाय, उद्यापासून ये म्हणाली.

बेकरी तात्पुरती आहे. तिसऱ्या परीक्षेबद्दल विचारलं, तर विर्वेबाई म्हणाल्या, आधी फळं संपू देत. हा नकार नाही. मुराक महिनाअखेर संपतील. पण मग ब्लूबेरी, त्यानंतर लिंगनबेरी, मग क्रॅनबेरी, आणि प्रत्येकीची जागा त्याच वाटेवर. घाई करून चालणार नाही. सगळं नीट मोजलंय. बर्फ पडला की दलदलीत लपवण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा पाहुणेही नसतात, म्हणजे चुकायला वावच नाही.

विर्वेबाईंकडे जाऊन तिसरी परीक्षा मागायची: २ डिसेंबर, सोमवार.