निरंक

बाबा, तुमचा दमा आता कसा आहे? तिकडं धूळ नसेल तर खोकलाही नसेल, असं मी धरून चालते. आईचे गुडघे? तिला खाली बसून भाकऱ्या थापू देऊ नका, तिकडं तरी ओटा करून द्या. इथं तो तुमच्याच्यानं झाला नाही. आजीच्या कानाचं काय? अजून आपण एक विचारलं की ती दुसरंच सांगते का? धाकटीचा ताप उतरला असेल. ती गेली तेव्हा तिचं अंग तव्यासारखं होतं, माझ्या तळहाताला अजून आठवतं. आणि शेजारच्या काकूचा हात नीट जुळला का? ती तुमच्याकडं आली आहे की अजून इकडंच कुठं आहे, हे मला ठाऊक नाही, म्हणून तिचं सगळ्यांत शेवटी विचारते.

माझं म्हणाल तर ‘इकडे सर्व ठीक’ लिहायला हात सरावलेला आहे. तो तुम्हीच तसा वळवला. पण आज ते लिहवत नाही. मला भीती वाटते आहे, बाबा. भर दुपार आहे, अंगणात रखरखीत ऊन आहे, तरी मी दाराला आतून कडी लावून बसले आहे. आपल्या घराला दिवसा कडी लागलेली तुम्ही कधी पाहिली नसेल. मीही नव्हती पाहिली.

तुम्ही गावचे पोलीस पाटील, आणि तुम्हाला लिहिता येत होती ती एवढी सही. मला चौथीतून घरी बसवलं होतं. मी किराण्याच्या पुडीचे कागद चुलीपुढं सरळ करून वाचायची, ते तुम्ही पाहिलं आणि महिन्याचा कागद माझ्यापुढं ठेवला. चोरी, मारामारी, बेपत्ता इसम, संशयास्पद हालचाल. प्रत्येकापुढं एकच शब्द लिहायचा: निरंक. म्हणजे काही नाही, सांगण्यासारखं काही घडलं नाही. पहिल्यांदा मी ‘निरंग’ लिहिलं. तुम्ही टपली मारलीत. “काय व बाई, गावाचा रंग उडाला काय? क काढ, कणसातला क.” आई चुलीपाशी हसून हसून लाकूड पुढं सारायचं विसरली. मग चिखलीच्या बाजारातून तुम्ही मला शाईचा पेन आणलात. गावातल्या कोणत्याच पोरीकडं पेन नव्हता. मी तो केसांत खोचून हिंडायची.

त्याच पेनाची ही गोष्ट आहे. मी बारा वर्षांची असेन. शेजारची काकू उजवा हात पदरात घेऊन आपल्या ओसरीवर येते. हात कोपराखाली वाकडा दिसतो आहे. “पाटील दादा, मले ठाण्यात जाचं हाय. एवढा कागद लिहून द्या.” तुम्ही वाईट नव्हता, बाबा. तुम्ही तिला सावलीत बसवलं, आईला चहा टाकायला सांगितला, हाडवैद्याला बोलावणं धाडलं. आणि म्हणालात, “घरातलं घरात राहू दे, माय. मी सांगतो त्याले समजावून.” तुम्ही सांगितलंही. पुढच्या महिन्यात ती एका सकाळी एसटीत बसून गेली. कुठं, ते कोणी विचारलं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. कोतवाल कागद न्यायला आला तेव्हा ‘बेपत्ता इसम’ या शब्दांपुढं माझा पेन थांबला. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात आणि म्हणालात, “लिही, निरंक.” मी लिहिलं. अक्षर फार सुंदर आलं होतं. तुम्ही कोतवालाला दाखवलंत.

नवरा गेल्यावर मी परत तुमच्याच घरी राहायला आले. गाव चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी मोठी पाटी आहे. माझं अंग दुखलं तर चार घरांतून भाजी येते. आणि सगळ्यांत जास्त करतो तो शेजारचा, काकूच्या नवऱ्याचा नातू. मी गावची लेक, म्हणून मला आत्या म्हणतो. बीपीच्या गोळ्या चिखलीहून तोच आणतो. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यानंच नेलं, पट्टी सुटेपर्यंत हाताला धरून चालवलं. त्याची बायको रोज भिंतीवरून वाटीभर काहीतरी देते. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून मीही काहीबाही घालते. तिची एक वाटी अजून माझ्या फळीवर आहे.

परवा दुपारी मी गच्चीवर मुगवड्या वाळत घालत होते. पलीकडं ती दोघं त्यांच्या जिन्यात वरच्या पायरीवर उभी होती. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. बाबा, घसरणारं माणूस हातानं काहीतरी धरायला बघतं. तिचे हात आधीच तोंडावर होते, मार चुकवायला धरावेत तसे. ती खाली गेल्यावर त्यानं मान वर केली आणि त्याला मी दिसले. क्षणभर आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. मग तो ओरडला, “आत्या, पडली व! जीप सांगा!” मी खाली धावले आणि जीपवाल्याला तेच सांगितलं. पडली.

ती बुलढाण्याच्या दवाखान्यात आहे. कमरेचं हाड मोडलं आहे, ती कोणाशी बोलत नाही. दवाखान्यानं ठाण्यात कळवलं. काल आपल्या गावची पोलीस पाटील आली. आता त्या कामावर गावातलीच एक तरणी सून आहे, तुम्हाला पटणार नाही, पण हुशार आहे. दारातच म्हणाली, “आत्याबाई, जमादार उद्या नाही, परवा दहाले येऊन राह्यले. तुमी तवा गच्चीवर होत्या म्हणतेत. काही दिसलं का तुमाले? का आता वेशीवरची पाटी उतरवा लागते?” हसत म्हणाली, पण तिचा डोळा हसत नव्हता. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते.

आज सकाळी तो आला. गोळ्यांची पट्टी माझ्या हातात न देता त्यानं भिंतीतल्या देवळीत ठेवली, आपलंच घर असल्यासारखी. “आत्या, कोनाशी जास्त बोलू नका आता. बीपी वाढते.” मी म्हटलं, हाव. तो उंबऱ्यावर बसला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. “तुमाले तसंबी दुरून काही दिसत नाही, नाही का?” माझे डोळे कसे आहेत हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? डोळ्यावरची पट्टी काढल्यावर मी पहिल्यांदा त्याचंच तोंड पाहिलं होतं. “हाव रे बाबा,” मी म्हटलं. तो म्हणाला, “काऊन भेऊन राह्यल्या? मी हाव ना.” आणि गेला. तेव्हापासून कडी लावलेली आहे. बीपीची गोळी घ्यायची आहे, पण देवळीकडं हात जात नाही.

उद्या बोलले तर परवापासून माझं दार कोण वाजवेल? भाजीची चार घरं दोनावर येतील, की एकही उरणार नाही? भिंत तीच राहणार, आणि तिच्या पलीकडं तोच. आणि नाही बोलले, तर ती दवाखान्यातून याच जिन्याखाली परत येणार. तिच्यापुढं मी वाटी कोणत्या तोंडानं धरू?

मघाशी मी उजेडाला बसून सुई घेतली. बारीक नेढ्याची, फुलांचे गजरे करायची. पहिल्याच झटक्यात दोरा गेला. काढला, पुन्हा ओवला, पुन्हा गेला. डोळा साफ आहे. ती सुई पदराला टोचून ठेवली आहे. जमादारांनी वयाकडं बोट दाखवलं तर त्यांच्यापुढं ओवून दाखवीन, असं ठरवलं आहे. असं आत्ता तरी ठरवलं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मलाही कळतं. गोवऱ्यांच्या कोनाड्यात राहील. पण काल मी काय म्हणाले ते तुम्हाला सांगायचं होतं. मी म्हटलं, “मले काही नाही दिसलं.” तेव्हा तो अजून आला नव्हता, बाबा. मला कोणी भीती घातली नव्हती. सवयीनं निघालं, पहिल्याच झटक्यात, आणि कसं स्वच्छ.

लवकर उत्तर पाठवा. फार नको, एकच शब्द पुरे, फक्त या खेपेला तो दुसरा असू द्या. जमादार उद्या दहाला येणार आहेत, त्याच्या आत मिळालं तर बरं.